मोजूनमापून केलेले धाडस

२४ सप्टेंबर १९२९. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर मिचेल फील्ड नावाचा विमानतळ होता. तिथे दोन आसनांचे एक द्विपंखी विमान उड्डाणाच्या तयारीत उभे होते. मागच्या आसनावर वैमानिक बसला आणि त्याच्या डोक्यावरून कॅनव्हासचे झाकण ओढून घेतले गेले. आता त्याला ना जमीन दिसत होती ना आकाश. समोर होत्या फक्त यंत्रांच्या तबकड्या. पुढच्या आसनावर बेन केल्सी हा दुसरा वैमानिक होता, पण तो केवळ काही विपरीत घडलेच तर सावरण्यासाठी. विमान उडाले, वळले, परत फिरले आणि सुमारे पंधरा मिनिटांनी त्याच मैदानावर उतरले. केल्सीला मदत करावी लागली नाही.

उड्डाणापासून उतरण्यापर्यंत सर्व काही केवळ यंत्रे पाहून करण्याची ही पहिलीच वेळ. झाकणाखालचा वैमानिक होता जेम्स हेरॉल्ड ऊर्फ जिमी डूलिटल. लोकांना तो माहीत होता हवाई कसरती करणारा आणि विमानांच्या शर्यती जिंकणारा म्हणून. अशा माणसाचे चित्र आपल्या मनात कसे असते? बेफिकीर, जिवावर उदार, नशिबावर भरवसा टाकणारा. डूलिटलकडे मात्र विमानविद्येतील डॉक्टरेट होती. कसरतपटू आणि संशोधक ही त्याची दोन आयुष्ये वेगळी नव्हतीच, आणि म्हणून त्याची कहाणी शिक्षकांनी माहीत करून घेण्याजोगी आहे.

विमानातली प्रयोगशाळा

डूलिटलचा जन्म १४ डिसेंबर १८९६ रोजी कॅलिफोर्नियात झाला. बालपणाची काही वर्षे अलास्कातील नोम या सोन्याच्या शोधात वसलेल्या गावी गेली. अंगाने लहानखुरा, पण मुष्टियुद्धात तरबेज. खाणकामाचे शिक्षण अर्धवट सोडून १९१७ साली तो सैन्यात वैमानिक होण्यासाठी दाखल झाला. सप्टेंबर १९२२ मध्ये त्याने फ्लोरिडाच्या किनाऱ्यापासून कॅलिफोर्नियातील सॅन डिएगोपर्यंतचे अंतर, वाटेत फक्त एक थांबा घेऊन, २१ तास १९ मिनिटांत कापले. एका दिवसाच्या आत अमेरिका खंड ओलांडणारा तो पहिला माणूस ठरला.

पुढच्याच वर्षी सैन्याने त्याला मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत पाठवले. तिथे त्याने हाती घेतलेला प्रश्न साधा वाटेल असा होता: कसरत करताना विमानावर आणि वैमानिकावर नेमका किती भार पडतो? विमानांचे पंख तोवर बरेचसे अंदाजानेच मजबूत केले जात. मार्च १९२४ मध्ये डूलिटलने एका लढाऊ विमानात त्वरणाची नोंद करणारे यंत्र बसवले आणि गिरक्या, कोलांट्या, सूर मारून वर उसळी असे सारे प्रकार करून पाहिले. वेगाने सूर मारून एकदम वर येताना सर्वांत मोठा आकडा मिळाला: गुरुत्वत्वरणाच्या ७.८ पट, म्हणजे ७.८ 'जी'. साठ किलोच्या माणसाला त्या क्षणी आपण ४६८ किलोचे झालो आहोत असे वाटेल.

याहून महत्त्वाचे निरीक्षण वेगळेच होते. ७.८ 'जी'चा झटका क्षणभराचा असल्यामुळे वैमानिकाला काही झाले नाही. पण आवळ वळणावर ४.५ 'जी' बराच वेळ टिकला तेव्हा डोळ्यांसमोर अंधारी येऊन दिसेनासे झाले. पाण्याची बादली गोल फिरवताना पाणी तळाशी दाबले जाते, तसे रक्त पायांकडे ओढले जाते आणि डोळ्यांना व मेंदूला ते कमी पडते. भार किती याच्या बरोबरीने तो किती वेळ, हेही महत्त्वाचे आहे हे या आकड्यांनी दाखवून दिले.

१९२५ साली मिळालेल्या डॉक्टरेटसाठी त्याने वाऱ्याचा विषय घेतला. वारा पाठीवर आहे की समोरून येतो आहे हे आपल्याला अंगानेच कळते, असे अनेक वैमानिक मानत. खरे तर स्थिर वाऱ्यात उडणारे विमान म्हणजे संथ वाहत्या नदीतील होडी. किनारा दिसत नसेल तर प्रवाहाची दिशा होडीतल्याला कळणार कशी? वैमानिकाला 'जाणवणारा' वारा हा जमीन पाहून डोळ्यांनी काढलेला निष्कर्ष असतो. तो कधी जीवघेणाही ठरतो. जमिनीलगत उडताना वारा पाठीवर आला की जमीन भराभर मागे पळते, वैमानिकाला वाटते आपला वेग फार झाला. तो वेग कमी करतो, पंखांची उचल संपते आणि विमान कोसळते.

वळणाचे गणित

त्याच वर्षी, २६ ऑक्टोबर १९२५ रोजी, बॉल्टिमोर येथे पाण्यावरून उडणाऱ्या विमानांची श्नायडर करंडकाची शर्यत झाली. डूलिटलने ती ताशी सरासरी ३७४ किलोमीटर वेगाने जिंकली. दुसऱ्या दिवशी सरळ रेषेत उडून ताशी ३९५ किलोमीटरचा जागतिक विक्रमही केला.

अशा शर्यतीत ठरावीक खांबांना वळसे घालत जायचे असते. सरळ मार्गावर इंजिनाची ताकद कामी येते, पण खांबाजवळ प्रश्न वर्तुळाकार गतीचा असतो. ताशी ३७४ किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १०४ मीटर. या वेगाने सपाट वळण घेताना वैमानिकाने २ 'जी' सोसायचे ठरवले तर वळणाची त्रिज्या सुमारे ६३५ मीटर येते, ४ 'जी' सोसले तर ती सुमारे २८५ मीटरवर येते. प्रत्येक वळणावर किती अंतर वाचले ते पाहा! डूलिटल विमान जवळजवळ आडवे करून खांबाला अगदी लगटून वळत होता. प्रेक्षकांना ते धाडस वाटले. पण आपले डोळे कधी मिटू लागतात हे त्याने आदल्याच वर्षी मोजलेले होते.

मे १९२७ मध्ये त्याने आणखी एक गोष्ट प्रथमच केली. साध्या कोलांटीत वैमानिकाचे डोके वर्तुळाच्या आत असते. डूलिटलने सूर मारून विमान उलटे केले आणि डोके बाहेरच्या बाजूला ठेवून वर्तुळ पूर्ण केले. या 'बाहेरच्या कोलांटी'त रक्त पायांऐवजी डोक्याकडे ढकलले जाते. उतरला तेव्हा त्याचे डोळे लालभडक झाले होते.

डोळे मिटल्यावर

आता पुन्हा त्या कॅनव्हासच्या झाकणाकडे येऊ. धुक्यात किंवा ढगात शिरलेले विमान कोसळणे ही त्या काळी नेहमीची गोष्ट होती. चांगले अनुभवी वैमानिकही त्यात गेले. का, ते वर्गात सहज दाखवता येते. फिरत्या खुर्चीवर एका मुलाला डोळे बांधून बसवा. इतरांना शांत राहायला सांगा. खुर्ची हळू, एकसारख्या गतीने अर्धा मिनिट फिरवा. थोड्या वेळाने मूल सांगेल की खुर्ची मंदावली किंवा थांबली. आता ती खरोखर थांबवा. मूल म्हणेल, उलटी फिरते आहे! आपल्या कानातील अर्धवर्तुळाकार नलिकांमधील द्रवाला गतीतला बदल तेवढा कळतो, एकसारखी गती कळत नाही. ढगातल्या वैमानिकाची गत तीच होते. विमान वळत असते आणि त्याला वाटते आपण सरळ जात आहोत.

गुगनहाइम निधीच्या साहाय्याने डूलिटलने यावर वर्षभर काम केले. त्याच्या विमानात तीन नव्या गोष्टी होत्या. स्पेरी कंपनीने बनवलेली दोन यंत्रे वेगाने फिरणाऱ्या भोवऱ्यावर चालत. एक कृत्रिम क्षितिज दाखवी, दुसरे दिशा. पॉल कोल्समनचा उंचीमापक हवेच्या दाबातील बारीक फरकही टिपत असे. आणि जमिनीवरून येणाऱ्या रेडिओलहरींनी दोन पट्ट्या थरथरत. दोन्हींचा कंप सारखा असेल तर वाट बरोबर. यंत्रे तयार होतीच, पण अवघड होते ते शरीराची ग्वाही नाकारून तबकडीवर विश्वास ठेवणे. डॉक्टरेट करताना त्याला जे कळले होते, त्याचेच हे पुढचे पाऊल होते.

शर्यतींचा निरोप

१९३० साली सैन्यातील पूर्णवेळ नोकरी सोडून तो शेल या तेलकंपनीत गेला. १०० ऑक्टेनचे पेट्रोल तयार करण्यात कंपनीने पैसा घालावा यासाठी त्याने आग्रह धरला. असे पेट्रोल सिलिंडरमध्ये जास्त दाबले तरी अवेळी पेटत नाही, त्यामुळे त्याच इंजिनातून जास्त शक्ती घेता येते. तेव्हा त्याला गिऱ्हाईक नव्हते. १९४० मध्ये ब्रिटनवरील हवाई हल्ल्यांच्या वेळी ब्रिटिश लढाऊ विमानांना याच इंधनाचा मोठा उपयोग झाला.

शर्यती चालूच होत्या. १९३१ मध्ये त्याने बेंडिक्स करंडक जिंकला. १९३२ साली त्याच्या हाती जी बी आर-१ हे विमान आले. लांबी जेमतेम साडेपाच मीटर, पुढे ८०० अश्वशक्तीचे इंजिन, आकार एखाद्या पिंपासारखा. आधीच्या वर्षी याच घराण्यातील एका विमानाने लोवेल बेल्स या वैमानिकाचा जीव घेतला होता. डूलिटल ते घेऊन आधी उंच गेला आणि तिथे वळण घेऊन पाहिले. विमान त्याच्या हातून निसटून गरगर फिरले. जमिनीजवळ असता तर तो संपलाच असता. म्हणून ५ सप्टेंबरच्या थॉम्पसन करंडकाच्या शर्यतीत त्याने खांबांना दुरून, रुंद वळसे घेतले आणि ताशी सरासरी ४०७ किलोमीटर वेगाने पहिला आला. १९२५ साली खांबाला लगटून जिंकणारा माणूस सात वर्षांनी खांबापासून लांब राहून जिंकला! विमान बदलले होते, तेव्हा उत्तरही बदलले.

शर्यत चालू असताना छायाचित्रकार त्याच्या पत्नी-मुलांभोवती जमले होते. विमान कोसळलेच तर त्यांचे चेहरे टिपता यावेत म्हणून. हे कळल्यावर त्याने शर्यती सोडल्या. पुढच्या वर्षी त्याच विमानाच्या अपघातात रसेल बोर्डमन मरण पावला.

१८ एप्रिल १९४२ रोजी विमानवाहू जहाजावरून सोळा बॉम्बफेकी विमाने घेऊन त्याने टोकियोवर हल्ल्याचे नेतृत्व केले, आणि आज बहुतेकांना त्याचे नाव त्यामुळेच माहीत असते. एवढ्या आखूड धावपट्टीवरून जड विमाने उचलणे हीही मोजमापाचीच करामत होती. पण या विमानांच्या वैमानिकांना आसरा देणाऱ्या चिनी लोकांवर जपानी सैन्याने भयंकर सूड उगवला, हेही विसरता येत नाही. ते मोल कोणत्याच यंत्रावर मोजलेले नव्हते.

२७ सप्टेंबर १९९३ रोजी, वयाच्या ९६ व्या वर्षी, डूलिटलचे निधन झाले. त्याच्या बरोबरीने शर्यतीत उतरलेल्यांपैकी फार थोड्यांना इतके आयुष्य लाभले. नववी-दहावीच्या वर्गात वर्तुळाकार गती शिकवताना त्या वळणाचे गणित जरूर घाला. आणि उत्तर आले की मुलांना विचारा, १९३२ साली त्याने तेच उत्तर का वापरले नाही?