वस्ती सुधारली, वस्तीतली माणसे कुठे गेली?



नाशिकला द्वारकेपाशी मुंबई-आग्रा रस्त्याला पुण्याचा रस्ता येऊन मिळतो. या आग्रा रस्त्याने पिढ्यान्‌पिढ्या माणसे पोटापाण्यासाठी दक्षिणेकडे उतरली. १८५७ नंतर उत्तर हिंदुस्थानातले मोमीन विणकर आले. त्यांतल्या कित्येकांनी आपल्या मालेगावात माग मांडले, कित्येक मुंबईला मदनपुऱ्यात राहिले. कोकणातून आणि साताऱ्याकडच्या घाटावरून माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली. अशा पोटार्थी वस्त्यांवर रोग आला म्हणजे काय होते आणि त्या 'सुधारायच्या' ठरल्या म्हणजे काय होते, याची हकीकत आज सांगायची आहे.

सप्टेंबर १८९६. मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. त्या वेळी शहराची वस्ती आठ लाखांच्या वर होती, आणि मजुरांची बिऱ्हाडे एकेका कोंदट खोलीत दाटीवाटीने राहत. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला होता खरा. पण उंदरांवरच्या पिसवा तो माणसापर्यंत आणतात, हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीत दाखवले ते १८९८ मध्ये. तोपर्यंत अधिकाऱ्यांची समजूत अशी की, रोग घाणीत, ओलीत आणि गरिबाच्या खोलीतच असतो. मग काय? घरे तपासा, रोग्याला उचला, सामान जाळा!

लोकांना हे कसे मानवावे? इस्पितळात नेलेला माणूस परत येत नाही, अशी धास्ती घरोघर बसली. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजारभर गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. लाखो लोक शहर सोडून गावी निघाले. शहर झाडणारे हलालखोर निघून गेले तर सगळेच संपले, ही भीती म्युनिसिपल कमिशनर स्नो यांना पडली आणि त्यांनी सक्ती सैल केली. म्हणजे पाहा, ज्यांना कोणी विचारत नव्हते, त्यांच्यावाचून शहराचे आरोग्य चालत नव्हते! पुढे सक्ती पुन्हा वाढली. ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यातल्या विणकराच्या घरातून एका आजारी मुलीला न्यायला पथक आले, तेव्हा दंगल उसळली, गोळीबार झाला, माणसे मेली.

पण याच काळात दुसरी एक गोष्ट घडत होती. आपापल्या समाजाची इस्पितळे काढायला परवानगी मिळाली, तशी माणसे तिथे आपण होऊन जाऊ लागली. औषध फारसे निराळे नव्हते. शुश्रूषा करणारा ओळखीचा होता, एवढाच फरक. गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना त्याच रोगाने ९ फेब्रुवारी १८९७ रोजी वारले. तिकडे पुण्याजवळ सावित्रीबाई फुले आपला मुलगा डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात रोगी आणून घालीत होत्या. १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच त्या गेल्या. प्लेगच्या लशीचे जनक हाफकिन यांनीही, जानेवारी १८९७ मध्ये, लस आधी स्वतःच्या अंगात टोचून घेतली आणि मग इतरांना टोचली. विश्वास हासुद्धा औषधाचाच भाग आहे, हे या माणसांनी ओळखले होते.

सरकारने मात्र दुसरा उपाय योजला. १८९८ मध्ये कायदा करून 'बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' स्थापन झाला. दाट वस्त्या पाडायच्या, हवेशीर रस्ते काढायचे, स्वच्छ घरे बांधायची, असा बेत. हेतू वाईट होता असे म्हणता येणार नाही. नागपाड्यापासून पाडापाडीला सुरुवात झाली. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते निघाले. आग्रीपाड्यासारख्या ठिकाणी चाळीही उभ्या राहिल्या. पण सुरुवातीच्या वर्षांत पाडले जास्त, बांधले कमी. नव्या खोलीचे भाडे उठवलेल्या मजुराला परवडेना. तो शेजारच्या वस्तीत, आधीच भरलेल्या खोलीत, आणखी एक पथारी टाकून राहिला. ज्या गर्दीला घालवायचे होते, ती चार गल्ल्या पलीकडे सरकली. दादर-माटुंग्याच्या नव्या वसाहती सुंदर झाल्या, पण तिथे राहायला गेला तो बहुतांशी मध्यमवर्ग.

मग त्या मजुरांकडे पाहिले कोणी? १९११ मध्ये ना. म. जोशी यांनी 'सोशल सर्व्हिस लीग' काढली. कामगारवस्तीत रात्रीच्या शाळा, वाचनालये, दवाखाने चालवले. पुढे १९२० च्या दशकात सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड येथे २०७ चाळी बांधल्या. खोली सुमारे १६० चौरस फुटांची, नळ आणि संडास सगळ्यांचे मिळून. त्याच बी. डी. डी. चाळी. डिलाईल रोडला आज जोशींचेच नाव आहे.

ही गोष्ट इथे संपत नाही. जानेवारी १९८२ मध्ये सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप झाला, आणि त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली. १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी आणि एक तृतीयांश घरांसाठी द्यायचा होता. २००१ च्या दुरुस्तीने ती वाटणी फक्त रिकाम्या जागेपुरती उरली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. लोअर परळला मनोरे आणि मोठी दुकाने उभी राहिली. कामगारांची कितीतरी कुटुंबे लांबच्या उपनगरांत किंवा गावी गेली. उलट, २०२५ मध्ये वरळीच्या बी. डी. डी. चाळीतल्या ५५६ कुटुंबांना त्याच जागी नवी घरे मिळाली. म्हणजे मनात आणले तर हेही जमते!

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एवढेच सुचवावेसे वाटते. प्लेगचा धडा शिकवताना किती मेले हे सांगाच. पण घरे पाडली तेव्हा त्यातली माणसे कुठे गेली, हेही मुलांना विचारा. गावाला नवा रस्ता येतो, शहरात वस्ती उठते, तेव्हाही हाच प्रश्न विचारायचा असतो. रस्ता रुंद झाला, हवा आली, ऊन आले, चांगलेच झाले. ते ऊन पूर्वी तिथे अंधारात राहणाऱ्याच्या वाट्याला आले का, यावरून ती सुधारणा मोजावी.