कापडावरची नोट
माझे वडील सोलापूरच्या गिरणीत मागावर होते. कापड चिमटीत धरून पोत सांगायची त्यांची सवय माझ्यात उतरली. माझ्या संग्रहातली सर्वांत लाडकी नोटही कापडाचीच आहे. १९३३ साली चीनमधल्या सिचुआन-शान्शी सोव्हिएतने, म्हणजे तिथल्या कम्युनिस्ट सरकारने काढलेली, तीन चुआनची. चुआन म्हणजे भोकाच्या नाण्यांची ओवलेली माळ. त्या डोंगरांत कागदाचा तुटवडा, म्हणून जाड्याभरड्या कापडावर छपाई केली. शाई फिकटली, वीण मात्र अजून घट्ट आहे.

चिनी कम्युनिस्टांची राजधानी असलेल्या रुईजिनची नोट माझ्याकडे नाही. बाजारात दिसतात त्या बहुतेक नकला. एक तर चहाच्या पाण्यात बुडवून जुनी केलेली माझ्याच गळ्यात मारली होती. रुईजिनला १ फेब्रुवारी १९३२ रोजी चिनी सोव्हिएत प्रजासत्ताकाची राष्ट्रीय बँक सुरू झाली. माओ त्से-तुंग यांचे धाकटे भाऊ माओ त्से-मिन तिचे प्रमुख. एक युआनच्या नोटेवर लेनिनचं चित्र. खोटी नोट ओळखता यावी म्हणून लगद्यात लोकर मिसळलेली. खरी नोट जाळली की लोकर जळल्याचा वास येई.

ऑक्टोबर १९३४ मध्ये लाँग मार्च ही कम्युनिस्ट सैन्याची लांबलचक माघार सुरू झाली आणि ही बँक चक्क कावडींवरून निघाली. जानेवारी १९३५ मध्ये झुन्यी शहरात सैनिकांनी याच नोटा देऊन खरेदी केली. दुकानदारांनी त्या घेतल्या, कारण त्यांवर मीठ मिळत होतं आणि त्या मुलखात मीठ फार महाग. शहर सोडायची वेळ आली, तेव्हा बँकेने मीठ आणि चांदीची नाणी देऊन नोटा परत घेतल्या. पाठलागावर शत्रू असताना! सैन्य गेल्यावर त्या नोटा लोकांच्या काय कामाच्या होत्या? संग्राहकाला नोट हाती लागली नाही की हळहळ वाटते, पण झुन्यीत परत गेलेल्या नोटांसाठी मी हळहळत नाही.

या छंदाकडे मला ओढलं ते चीन-जपान युद्धात चीनच्या मदतीला गेलेल्या आमच्या गावच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांनी. ते ज्या जिन-चा-जी सीमाप्रदेशात जखमींवर शस्त्रक्रिया करत होते, तिथे १९३८ साली सुरू झालेल्या सीमाप्रदेश बँकेच्या नोटा चालत. तिथेच असताना ९ डिसेंबर १९४२ रोजी ते गेले. त्या बँकेची एक नोट मी मिळवली आहे. विक्रेत्याने कोरी करकरीत नोटही दाखवली होती; मी मळकी, चार घड्या पडलेली मागून घेतली. दर ९ डिसेंबरला ती खिशात ठेवून मी भैय्या चौकातल्या त्यांच्या स्मारकात जातो.