अथेन्सचा जासूद

मॅरेथॉनची कथा ठाऊक नाही असा शाळकरी मुलगाही आज विरळा. इ. स. पूर्वी ४९० साली अथेन्सच्या लोकांनी मॅरेथॉनच्या मैदानावर इराणच्या फौजेचा पराभव केला. ती वार्ता घेऊन एक दूत धावत नगरात आला, 'आपण जिंकलो' एवढे बोलला आणि गतप्राण झाला. कथा सुंदर आहे. परंतु युद्धानंतर सुमारे साठ-सत्तर वर्षांनी त्याचा वृत्तान्त लिहिणाऱ्या हिरोडोटसास ती ठाऊकच नाही. आज उपलब्ध असलेल्या ग्रंथांत ती आढळते ती प्लूटार्क आणि ल्युशियन यांच्याकडे, म्हणजे जवळजवळ सहा शतकांनंतर. आणि प्लूटार्क तर दूताची नावेही निराळीच देतो.

हिरोडोटस सांगतो ती धाव वेगळी आहे. ती युद्धानंतरची नव्हे, युद्धापूर्वीची. शत्रू किनाऱ्यास लागला तेव्हा अथेन्सच्या सेनानींनी फिलिप्पिडिस नावाच्या माणसास मदत मागण्यासाठी स्पार्टास पाठविले. धावणे हा त्याचा पेशाच होता. दिवसभर धावून निरोप पोचविणाऱ्यांचा एक स्वतंत्र वर्गच तेव्हा ग्रीसमध्ये होता. अथेन्सहून स्पार्टापर्यंतची वाट सुमारे २४६ किलोमीटरांची मानतात. हिरोडोटस म्हणतो, तो दुसऱ्याच दिवशी तेथे पोचला.

घोडा का नेला नाही, असे कोणी विचारील. आपल्या सह्याद्रीतील घाटवाटा ज्यांनी पायांखाली घातल्या आहेत ते हा प्रश्न विचारणार नाहीत. पेशवाईच्या कागदपत्रांत 'जासूद जोडी' असा शब्द वारंवार येतो. आपल्याकडे निरोप घेऊन दोघे निघत, म्हणजे एक पडला तर दुसरा पोचे. फिलिप्पिडिसाच्या जोडीला कोणी असल्याचे हिरोडोटस सांगत नाही. शिवाय वाटेत अर्गोसचा प्रदेश, आणि अर्गोसचे व स्पार्टाचे हाडवैर. तेव्हा स्पार्टास निघालेल्या माणसाने तेथे आपली ओळख न देणेच बरे. अर्गोसच्या बाजूचा सखल प्रदेश मागे पडला की पार्थेनियन पर्वत आडवा येतो. त्याची उंची सुमारे १२०० मीटर. पलीकडे उतरले की तेगिया, आणि तेथून दक्षिणेस स्पार्टा.

ग्रीकांचा महिना आपल्यासारखाच चांद्र होता. स्पार्टात त्यास उत्तर मिळाले ते नवमीस. त्याच दिवशी तो पोचला असे धरले, तर त्याच्या प्रवासातील रात्री चंद्र अर्ध्याहून थोडा मोठा असणार आणि मध्यरात्रीनंतर मावळलेला असणार. त्यापुढची वाट काळोखात, दगडधोंड्यांतून, एकट्याने काटावयाची.

हे मनुष्याच्या आवाक्यातले आहे काय, अशी शंका विद्वानांस बराच काळ होती. १९८२ साली ब्रिटिश वायुदलातील जॉन फोडन या अधिकाऱ्याने वाद न घालता चार सहकाऱ्यांसह अथेन्सहून धावण्यास आरंभ केला. पाचांपैकी तिघे ४० तासांच्या आत स्पार्टास पोचले. १९८३ पासून याच मार्गावर शर्यत भरू लागली, तिची मुदत ३६ तासांची. त्या पहिल्याच शर्यतीत यिआनिस कूरोस या ग्रीक धावपटूने २२ तासांहूनही कमी वेळ घेतला. या धावपटूंस ठिकठिकाणी अन्नपाणी मिळते हे खरे. तरी हिरोडोटसाने अशक्य काही लिहिले नाही, एवढे सिद्ध झाले.

पार्थेनियनवर पॅन देवाने आपणांस नावाने हाक मारली, असे फिलिप्पिडिसाने मागाहून सांगितले. मी अथेन्सच्या लोकांचे भले करीत आलो, पुढेही करीन, मग ते माझी पूजा का करीत नाहीत, असे देवाने विचारले म्हणे. शिणलेल्या माणसास रानात भास होतात, असे म्हणून हा मजकूर वगळणारे पुष्कळ आहेत. आम्हांस त्यात निराळेच महत्त्व वाटते. ही हकीकत त्याने अथेन्सच्या लोकांस सांगितली, असे हिरोडोटस स्पष्ट लिहितो. म्हणजे तो त्या डोंगरातून जिवंत परत आला होता.

आणि परत आला तो काय घेऊन? एरेट्रिया नगर पडले, आता अथेन्सला पडू देऊ नका, असे त्याने स्पार्टाच्या अधिकाऱ्यांस विनविले. मदतीची त्यांची इच्छा होती, पण पौर्णिमेपूर्वी कूच करण्यास त्यांचा धर्माचार आड आला. तो आचार खरा की सोयीचा, यावर वाद आहे. आमच्या मते स्पार्टाचे लोक अशा बाबतींत प्रामाणिक होते. परंतु अथेन्सच्या वेशीवर शत्रू असताना हा नकार सांगण्याचे काम ज्याच्या वाट्याला आले, त्याच्या पायांचे ओझे कोणी मोजले नाही. विजयाची वार्ता सांगून मरणारा दूत जगाने लक्षात ठेवला. १८९६ च्या ऑलिंपिकमध्ये शर्यत सुरू झाली तीही त्याच्याच नावे.

पौर्णिमेनंतर स्पार्टाचे २००० योद्धे निघाले आणि तिसऱ्या दिवशी अॅटिकात पोचले. तोवर लढाई संपली होती. अथेन्सचे १९२ आणि इराणचे ६४०० लोक पडले, असा हिरोडोटसाचा हिशेब आहे. स्पार्टाच्या लोकांनी मॅरेथॉनला जाऊन ती प्रेते पाहिली, अथेन्सची प्रशंसा केली आणि ते परत गेले. अथेन्सने अॅक्रोपोलिसच्या पायथ्याशी पॅनचे स्थान उभारले आणि दरवर्षी यज्ञ व मशालींची शर्यत सुरू केली. त्या जासुदाचे नाव फिलिप्पिडिस की फायडिप्पिडिस, याविषयी मात्र हिरोडोटसाच्या हस्तलिखितांत एकवाक्यता नाही.