बुडबुडे थांबले म्हणजे बिअर झाली?

घरी बिअर करणारे 'बॉटल बॉम्ब' असा शब्द वापरतात, आणि त्यात अतिशयोक्ती फारशी नाही. बिअर पूर्ण आंबायच्या आधीच बाटलीत भरली, तर उरलेली साखर यीस्ट बाटलीतही खात राहतं. त्यातून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडला बाहेर पडायला वाट नसते. दाब वाढत जातो आणि एखाद्या रात्री कपाटात काचेचा स्फोट होतो. त्यामुळे बिअर करणाऱ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न असतो: आंबणं संपलं हे ओळखायचं कसं?

उत्तर सोपं वाटतं. बुडबुडे थांबले, फेस खाली बसला, की झालं. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये मोठमोठ्या ब्रुअऱ्या याच भरवशावर चालत. मुख्य कारागीर फेसाचा रंग बघायचा, पिंपावर वाकून वास घ्यायचा, चव बघायचा. गोडवा किती उरलाय ते त्याची जीभ सांगायची. हे ज्ञान खोटं नव्हतं, पण ते एका माणसाच्या अंगात होतं. तो गेला की तेही गेलं. शिवाय डोळ्यांना एक गोष्ट कधीच दिसत नव्हती: यीस्टचं काम संपलंय, की थंडीमुळे ते नुसतं गारठून बसलंय? दोन्ही वेळा पिंप सारखंच शांत दिसतं.

या शांततेवर विश्वास न ठेवणाऱ्यांपैकी एक होता जेम्स बॅव्हरस्टॉक. हॅम्पशायरमधल्या आल्टन गावचा, ब्रुअरीवाल्या घरातला मुलगा. त्याने आधी थर्मामीटर आणला, तोही वडिलांपासून लपवून, कारण असली नवी खुळं वडिलांना पसंत नव्हती. मग १७६८च्या सुमारास त्याने हायड्रोमीटर मिळवला. आपले प्रयोग घेऊन तो लंडनच्या सॅम्युअल व्हिटब्रेडकडे, म्हणजे त्या काळच्या सगळ्यात मोठ्या बिअर उत्पादकांपैकी एकाकडे गेला. व्हिटब्रेडने त्याला घरी जाऊन धंद्याकडे लक्ष द्यायचा सल्ला दिला. दखल घेतली ती साउथवर्कच्या हेन्री थ्रेलने, कोशकार सॅम्युअल जॉन्सनच्या मित्राने.

हायड्रोमीटर म्हणजे काय हे आपल्याकडे डेअरीत दूध घालणाऱ्याला वेगळं सांगायला नको. दुधात पाणी आहे का बघायला जो लॅक्टोमीटर बुडवतात, तो याचाच भाऊ. खाली वजन आणि वर आकडे कोरलेली दांडी. द्रव दाट असेल तर नळी वर तरंगते, पातळ असेल तर खोल जाते. कल्पना फार जुनी आहे. इसवी सन ४००च्या आसपास सिनेसियसने आपल्या गुरूला, अलेक्झांड्रियाच्या हायपेशियाला, पत्र लिहून असंच एक साधन बनवून मागितलं होतं.

माल्ट गरम पाण्यात भिजवून जे गोड पाणी निघतं, त्याला वर्ट म्हणतात. साखरेमुळे ते पाण्यापेक्षा दाट असतं. समजा, पाण्याची घनता १.००० धरली तर वर्टची १.०५० भरली. यीस्ट साखर खातं तसा आकडा उतरतो. साखर कमी होते, आणि तिच्या जागी येणारं अल्कोहोल पाण्याहून हलकं असतं. आकडा १.०१०वर येऊन थांबला, तर सुमारे सव्वापाच टक्के अल्कोहोल तयार झालं. तो १.०००पर्यंत जाईलच असं नाही, कारण माल्टमधल्या काही शर्करा बहुतेक यीस्टला पचत नाहीत.

१७८४मध्ये हल शहरातल्या जॉन रिचर्डसनने ही मोजणी पद्धतशीर मांडणारं पुस्तक काढलं. गंमत म्हणजे तेव्हा यीस्ट जिवंत असतं हेच कुणाला माहीत नव्हतं. तीन शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे ते सांगितलं १८३७च्या सुमारास. त्यानंतरही लीबिगसारख्या नामवंत रसायनशास्त्रज्ञाने त्यांची टर उडवली. पाश्चरचं बिअरवरचं पुस्तक आलं १८७६मध्ये. म्हणजे पिंपात कोण काम करतंय हे कळायच्या कितीतरी आधी, काम किती झालं हे मोजता येत होतं.

या मोजणीचा एक धागा आपल्या किनाऱ्यापर्यंत येतो. इंग्लंडहून मुंबई-कलकत्त्याला येणारी पेल एल केप ऑफ गुड होपला वळसा घालून चार-सहा महिने प्रवास करायची. वाटेत विषुववृत्त दोनदा ओलांडायचं. अंगात साखर उरलेली बिअर त्या उष्णतेत पुन्हा आंबायला लागली, तर पिंपं गळायचा, फुटायचा धोका. म्हणून ही बिअर साखर जवळजवळ संपेपर्यंत आंबवत, वर काही महिने मुरवत, आणि मगच जहाजावर चढवत. आज पुण्या-मुंबईच्या पबमध्ये 'आयपीए' मागवतो, त्या नावामागे हाही इतिहास आहे.

बापापासून लपवलेल्या साधनांच्या या जमातीवर पुढे सरकारचं लक्ष गेलं. १८८०मध्ये ग्लॅडस्टनने माल्टवरचा कर रद्द करून तो थेट बिअरवर बसवला. मोजमाप ठरलं आंबण्याआधीच्या वर्टची घनता, प्रमाण १.०५७. त्याच कायद्याने घरी बिअर करणाऱ्यांनाही परवान्याच्या चौकटीत आणलं. ब्रिटनमध्ये ही परवान्याची अट गेली थेट १९६३मध्ये. अमेरिकेत घरगुती बिअरला संघराज्याच्या कायद्याची मोकळीक मिळाली ती १९७८मध्ये, जिमी कार्टर यांच्या सहीने. ब्रुअरी आणि करखातं फिरून आलेला हायड्रोमीटर तेव्हापासून स्वयंपाकघरातल्या ओट्यावर उजळ माथ्याने उभा आहे.

आणि तरीही आज पहिल्यांदा बिअर करणारा माणूस बुडबुडेच मोजत बसतो. झाकणावरच्या एअरलॉकमधून गुडगुड येते तोवर सुरू, थांबली की संपलं. पण झाकण जरा सैल असेल तर वायू बाजूने निसटतो आणि आंबणं जोरात सुरू असतानाही एअरलॉक गप्प राहतो. उलट काम संपल्यावरही खोली तापली की विरघळलेला वायू बाहेर पडतो आणि बुडबुडे दिसतात.

हायड्रोमीटरचाही एकच आकडा पुरत नाही. १.०२० दिसलं, तर बिअर तिथे पोहोचून थांबलीय की तिथून खाली चाललीय, हे तो आकडा सांगत नाही. म्हणून दोन-तीन दिवसांच्या अंतराने पुन्हा मोजायचं. आकडा हलला नाही आणि अपेक्षित जागेच्या आसपास असेल, तर बाटल्या भरायच्या. वरच अडकला असेल, तर पिंप थोड्या उबदार जागी सरकवायचं, यीस्टला जागं व्हायला वेळ द्यायचा आणि आणखी काही दिवस थांबायचं.

बॅव्हरस्टॉकच्या वडिलांची जीभ आजही कामाची आहे. फक्त बाटलीला बूच लावायच्या आधी तिच्या शेजारी दोन सारखे आकडे असले पाहिजेत.