वरचं गाव, खालचं गाव : आमच्या बालाघाटच्या पाण्याची गोष्ट

मागे कोणीतरी इथे आपल्या आजोळच्या वाड्याबद्दल लिहिलं होतं. ते वाचून वाटलं, आपणही आपल्या भागाबद्दल काही लिहावं. माझा पिंड हिशेबाचा. बी.कॉम. झालो, बँकेत चिकटलो, बँकेतूनच निवृत्त झालो. त्यामुळे भाषा साधी आहे, सांभाळून घ्या.

दिवाळीनंतर गोंदियाहून परत येत होतो, नातू बरोबर होता. रजेगावचा पूल आला तसा तो म्हणाला, "आजोबा, महाराष्ट्र कुठे संपला?" मी म्हटलं, "या बाघ नदीत." तो खिडकीतून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "मग हे पाणी कोणाचं?"

त्याला तेव्हा काहीतरी सांगून गप्प केलं. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. कारण या एका प्रश्नावर मी नोकरीत एक मोठी चूक केली होती. ती आज सांगतो.

आधी थोडा इतिहास. बालाघाट जिल्हा १८६७ साली भंडारा, मंडला आणि सिवनी या तीन जिल्ह्यांचे तुकडे जोडून झाला. त्या वेळी मुख्य ठिकाणाचं नाव होतं बुऱ्हा. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार प्रांत झाले, नागपूर-भंडारा तिकडे गेले आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. पण सोयरीक काही तुटली नाही. आजही इकडची मुलगी तुमसरला आणि तिकडची सून वारासिवनीला. वैनगंगेचंही तसंच. ती सिवनी जिल्ह्यात मुंडारा गावी उगम पावते, आमच्या शहराजवळून जाते, गोंदिया-भंडारा करत पुढे वर्धेला भेटते, प्राणहिता होते आणि गोदावरीला मिळते. माणसांनी सीमा आखल्या, तिने त्या कधी मानल्या नाहीत.

हा सगळा भाग धानाचा आणि तलावांचा. पूर्व विदर्भात ज्यांना 'मामा तलाव' म्हणतात, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, तेच आमच्याकडेही आहेत. तलाव बांधण्यात कोहळी समाजाचा हात मोठा. तलाव बांधेल त्याला जमीन, अशी गोंड राजांची रीत होती असं जुनी माणसं सांगत. मला या तलावांचं कौतुक वाटतं ते त्यांच्या मांडणीचं. एकटा तलाव क्वचितच असतो. वर टेकडीजवळ बोडी, तिचा सांडवा वाहिला की पाणी खालच्या तलावात, तो भरला की त्याच्या खालच्या गावच्या तलावात. मधल्या धानाच्या बांध्यांमध्येही पाणी थांबतं. म्हणजे वरच्या गावाने पाळ नीट राखली तरच खालच्याचा रोवणा वेळेवर. पाणी सोडायला पाणकर असे, आणि कोणाच्या बांधीला आधी, कोणाच्या नंतर, हे ठरलेलं असे. गाळ काढणं, पाळीवर माती टाकणं हे गावाचं काम, मालगुजाराच्या धाकाने का होईना, होत असे.

धाकाने, हे मुद्दाम लिहितो. मालगुजारीचे गोडवे गाणाऱ्यातला मी नाही. वेठबिगारी होती, अन्याय होता. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, १९५१ पासून तलाव सरकारचे झाले, ते योग्यच झालं. लोकांचे निस्ताराचे हक्क कागदावर नोंदले गेले. पण हक्क लिहिले गेले तसं काम कोणाचं हे लिहिलं गेलं नाही. तलावाची जमीन एका खात्याकडे, पाणी दुसऱ्याकडे, मासे सोसायटीकडे, आणि वरून पाणी आणणारा नाला कोणाकडेच नाही. पूर्वी मालक एक होता. आता मालक चार झाले आणि राखणदार एकही नाही.

आता माझी गोष्ट. १९६९ ला बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, त्यानंतर चार वर्षांनी मी लागलो. पुढे शेतीकर्जाचा अधिकारी म्हणून वारासिवनीच्या बाजूच्या एका शाखेत बदली झाली. डिझेल पंपांच्या कर्जाचं वार्षिक उद्दिष्ट असे, आणि ते पूर्ण करण्यात मी पटाईत होतो. एका नाल्याच्या काठी वरच्या अंगाला एक गाव होतं. तिथे एका हंगामात मी अकरा पंप मंजूर केले. सातबाऱ्यासारखे कागद तपासले, जामीन तपासले, नाल्याला पाणी आहे हे डोळ्यांनी पाहिलं. फाइली चोख होत्या. वरिष्ठांनी पाठ थोपटली.

पुढच्या वर्षी पावसाने श्रावणात दडी मारली. वरच्या लोकांनी नाला बांध घालून अडवला आणि पंप लावले. त्यांचा रोवणा झाला. खालच्या गावचा तलाव मात्र निम्माही भरला नाही. पऱ्हे पिवळे पडले.

खालच्या गावचे एक म्हातारे काका शाखेत आले. कर्ज मागायला नाही. समोर उभे राहून म्हणाले, "साहेब, तुमी वरच्या गावाले पंप देऊन राहिले. पाणी कोनाचं होतं ते कोनाले इचारलं का?"

मी त्यांना बसा म्हटलं, चहा मागवला. उत्तर नव्हतंच. मी अकरा माणसांची पत तपासली होती, पण नाल्याची पत तपासलीच नव्हती. तोच नाला खालच्या गावानेही पिढ्यानपिढ्या गहाण धरलेला होता, फक्त त्याचा कागद नव्हता.

भांडण वाढलं. रात्री बांध फोडला गेला, डोकी फुटायची वेळ आली. शेवटी दोन्ही सरपंच एका आंब्याखाली बसले. मीही गेलो, कारण पंप माझ्या कर्जाचे होते. चार तास आरडाओरड झाली. मग ठरलं ते असं : खालचा तलाव सांडव्याला लागेपर्यंत वरच्यांनी नाला अडवायचा नाही. बदल्यात खालच्या गावाने उन्हाळ्यात माणसं देऊन वरच्या गावची बुजलेली बोडी उपसून द्यायची, म्हणजे वरच्यांना स्वतःचं पाणी होईल. आणि मी टेबलावरच्या आणखी चार पंपांच्या फाइली परत पाठवायच्या. साध्या कागदावर दोघांच्या सह्या-अंगठे झाले. त्या वर्षी माझं उद्दिष्ट हुकलं आणि त्याचा शेरा माझ्या गोपनीय अहवालात पडला. पण बोडी खरंच उपसली गेली. ती पहिल्या पावसात भरली तेव्हा दोन्ही गावांनी नारळ फोडला.

हा करार पाच-सहा वर्षं चालला. मग सरपंच बदलले, एक वारले, कागद कुठे गेला कोणाला माहीत नाही. नव्या पंचायतीला आधीच्यांचं बोलणं बांधील वाटलं नाही. बोडी पुन्हा बुजली.

मोठ्या पातळीवर बघा. महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि इतर राज्यांचा गोदावरीच्या पाण्याचा वाद १९६९ साली लवादाकडे गेला, निवाडा १९८० ला आला. बाघ प्रकल्पाची धरणं गोंदियाच्या बाजूला, पण पाण्यात बालाघाटचाही वाटा. बावनथडीचा राजीव सागर तर दोन्ही राज्यांचा सामाईक. सत्तरच्या दशकातला हा प्रकल्प, त्यात पाणी साठायला एकविसाव्या शतकाचं दुसरं दशक उजाडलं. उशीर भयंकर झाला. तरी तो वाटा टिकून आहे, कारण तो लिहिलेला आहे आणि तो पाळणं कोणाचं तरी काम आहे.

आणि जिथे हे दररोजचं काम सैल पडतं तिथे काय होतं, ते ऑगस्ट २०२० च्या शेवटी दिसलं. वरती जोरदार पाऊस झाला, सिवनीच्या संजय सरोवराचे दरवाजे उघडले, वैनगंगा फुगली आणि भंडारा शहरात पाणी शिरलं. आमचे भंडाऱ्याचे व्याही दोन रात्री गच्चीवर होते. वरच्याने सोडलं आणि खालच्याला वेळेवर कळलं का, यावर नंतर बरीच चर्चा झाली. मला आंब्याखालची ती बैठकच आठवत होती.

त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनंतर १९९४ साली पंचायतीच्या निवडणुका घेणारं मध्य प्रदेश पहिलं राज्य. त्याच वर्षी राजीव गांधी पाणलोट मिशन सुरू झालं. 'माथा ते पायथा' हे तत्त्व, आधी टेकडीवर चर, मग नाल्यात बांध, शेवटी तलाव. कल्पना अगदी बरोबर. कामंही चांगली झालेली मी पाहिली. पण पाणलोट एक आणि पंचायती तीन असल्या की निधी असेतो समिती एकत्र, निधी संपला की प्रत्येकजण आपल्या शिवेत. विहिरीला पाणी आल्यावर वरच्याला पैसे किंवा श्रम कोण देणार, हे लिहायचं राहूनच जातं.

माझा पुतण्या न्यूयॉर्कला असतो. त्याच्याकडे गेलो तेव्हा तो नळाचंच पाणी प्यायला देई. चौकशी केली तर गोष्ट आपल्याचसारखी निघाली. त्या शहराचं पाणी लांबच्या कॅट्सकिल डोंगरांतून येतं. शहराने तिथल्या गावांवर कडक नियम लादायचं ठरवलं तेव्हा गावं चिडून एकत्र आली : आमची वाढ थांबवून तुम्ही पाणी पिणार का? शेवटी १९९७ साली करार झाला. गावांची सांडपाण्याची व्यवस्था सुधारायला, शेतकऱ्यांना गोठ्यांची घाण ओढ्यात जाऊ नये म्हणून मदत करायला शहराने पैसे द्यायचे. जमीन घ्यायची ती मालक राजी असेल तरच. गाळणीचा कारखाना उभारायला अब्जावधी डॉलर लागले असते, त्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडलं. वाचून मला हसू आलं. आमच्या दोन सरपंचांनी बोडी उपसून हेच केलं होतं. फरक एवढाच की त्यांचा करार छापलेला आहे, त्याला पैसा आहे आणि माणूस बदलला तरी तो राहतो.

आता हे सगळं आज का लिहितो? आमच्या शहराच्या आजूबाजूला वेगाने प्लॉट पडताहेत. पडू देत, मुलांना घरं लागतात, मीही एका प्लॉटवरच राहतो. पण लेआउट नगरपालिकेच्या हद्दीबाहेर, पंचायतीत मंजूर होतो, आणि ज्या तलावाकडे जाणारा ओहोळ बुजतो तो तलाव दुसऱ्याच पंचायतीत असतो. दोघांच्या कागदात चूक नसते. माझ्या अकरा फाइलींतही नव्हती.

म्हणून निवृत्त माणसाचं एकच म्हणणं. एका नाल्यावरच्या सगळ्या पंचायतींनी आणि नगरपालिकेने वर्षातून एकदा, रोवण्याआधी, एकत्र बसावं. काय अडवणार, काय सोडणार, कोण कोणाला काय देणार हे ठरावात लिहावं आणि तो ठराव पुढच्या सरपंचाच्या हातात द्यावा. बांधकामाची मंजुरी देताना खालच्या गावाला एकदा विचारावं. याला फार पैसा लागत नाही.

ते काका आता नाहीत. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मी नातवाला परवा दिलं : पाणी वरच्याचंही आहे आणि खालच्याचंही, म्हणून विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.

तुमच्या गावच्या तलावाचं पाणी कोण वाटत असे, सांडवा कुठे जात असे, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि इथे जरूर लिहा. जो कागद आमच्याकडून हरवला, तो निदान अशा आठवणींतून तरी पुन्हा जुळवता येईल.