मुंबईचा प्लेग आणि दिल्लीतले आपले घर

दिल्लीत फ्लॅट घेतलेल्या आपल्या मंडळींपैकी अनेकांनी डीडीएच्या कार्यालयात फेऱ्या मारल्या असतील. नगरसेवक आपण निवडून देतो; पण कुठे घरे आणि कुठे दुकाने हे ठरवणारा मास्टर प्लॅन त्याच्या हातात नसतो. तो डीडीए तयार करते, आणि डीडीए केंद्र सरकारची! असे का, याचे मूळ शोधू लागलो तर मी थेट मुंबईत जाऊन पोहोचलो.

१८९६ साली मुंबईत मांडवी भागात प्लेग निघाला. डॉ. अकासियो व्हिएगस यांनी तो ओळखला. दाट वस्ती आणि अंधाऱ्या खोल्यांवर ठपका आला. १८८८ च्या कायद्यानुसार चालणारी महापालिका शहरात होतीच, फिरोजशहा मेहतांसारखे पुढारी तीत होते. तरीही सरकारने १८९८ मध्ये वेगळा कायदा करून ‘सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन केला. त्याच्या मंडळावर महापालिकेचे प्रतिनिधी होते, पण अल्पमतात. जमीन ताब्यात घेणे, वस्ती पाडणे, रस्ते काढणे हे अधिकार ट्रस्टकडे गेले.

इंजिनिअर म्हणून सांगतो, कामे पक्की झाली. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड, दादर-माटुंग्याची आखणी आजही उपयोगी पडते. परंतु पाडणे झपाट्याने आणि बांधणे सावकाश, असा प्रकार होता. खोली गेलेला मजूर कामापासून लांब कसा जाणार? तो शेजारच्या चाळीत शिरला आणि तिथली गर्दी वाढली.

मग सगळे महापालिकेकडे राहिले असते तर बरे झाले असते का? तसेही म्हणवत नाही. त्या काळी मताचा हक्क करदात्या, मालमत्ताधारक मोजक्या लोकांनाच होता. घरमालकांचा आवाज मोठा, भाडेकरूला मतच नाही. थोडक्यात, ज्याची खोली पाडायची त्याला ट्रस्टनेही विचारले नाही आणि महापालिकेलाही विचारण्याची गरज नव्हती.

१९३३ मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला. पण स्वातंत्र्यानंतरही दोर सरकारच्याच हाती राहिला. १९६६ च्या नगररचना कायद्याने विकास आराखडा महापालिकेने करायचा, मंजुरी राज्याने द्यायची असे ठरले. पुढे १९७७ मध्ये म्हाडा व १९९५ मध्ये झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आले, तीही राज्याचीच. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची दिली. तिच्यात पहिला विषय नगररचना, दुसरा जमिनीचा वापर व बांधकाम. मात्र हे अधिकार नगरपालिकांना राज्य ‘देऊ शकेल’ अशी शब्दयोजना आहे. ‘दिलेच पाहिजेत’ असे नाही.

दिल्लीतही १९३७ मध्ये असाच इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याची जागा १९५७ मध्ये डीडीएने घेतली; महानगरपालिका आली १९५८ मध्ये! २००६ चे सीलिंग आठवते ना? सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने निवासी भागातल्या दुकानांना टाळी लागली, तेव्हा ती थांबवायला संसदेला कायदा करावा लागला. गल्लीतल्या दुकानाचा निर्णय संसदेत, आणि नगरसेवक बघ्यांच्या रांगेत.

आम्ही रेल्वेवाल्यांनी याबाबत जरा जपूनच बोलावे. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम ११ मुळे आमची कामे इतर कायद्यांपुढे अडत नाहीत. तसे नसते तर एकेका गावाच्या परवानगीपायी लोहमार्ग रखडला असता. तेव्हा वरच्या सरकारचा अधिकार मुळातच वाईट असे मी म्हणणार नाही. लोहमार्ग, मोठे नाले, पाणी ही कामे वॉर्डाच्या हद्दीत मावत नाहीत. पण गल्लीत दुकान असावे की नसावे, जुनी चाळ कशी नव्याने बांधावी, हे तिथे राहणाऱ्यांना विचारूनच ठरले पाहिजे.

विचारण्याची एक वाट कायद्यात आहे. मास्टर प्लॅनचा मसुदा जाहीर झाला की हरकती व सूचना मागवाव्याच लागतात. २०४१ पर्यंतच्या प्लॅनसाठी २०२१ मध्ये त्या मागवल्या होत्या. पुढच्या वेळी अशी नोटीस निघाली की मंडळाच्या सभासदांनी एकत्र बसून मसुदा वाचावा आणि आपल्या वस्तीचे म्हणणे लेखी द्यावे. १८९८ च्या भाडेकरूला मत नव्हते; आपल्याला आहे. ते वापरावे, एवढीच विनंती.

गणपती बाप्पा मोरया!