तहकुबी, फौजदारी खटल्यातील

फौजदारी खटल्याचे कामकाज न्यायालयाने कारणे नोंदवून पुढील तारखेपर्यंत स्थगित ठेवणे म्हणजे तहकुबी. बचावाच्या वकिलाला तयारीसाठी वेळ देणे हे तिचे एक प्रमुख कारण होय.

ही तरतूद १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३४४ मध्ये व १९७३ च्या संहितेत कलम ३०९ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३४६ लागू आहे.

साक्षतपासणी सुरू झाल्यावर खटला दररोज चालवणे हा सर्वसाधारण नियम आहे. पक्षकाराच्या आवाक्याबाहेरील परिस्थितीत जास्तीत जास्त दोन तहकुब्या मिळू शकतात. वकील अन्य न्यायालयात गुंतला असल्याचे कारण ग्राह्य नसते. न्यायालय तहकुबीसाठी खर्चाची अट घालू शकते.

वर्धा जिल्ह्यात सत्र खटले वर्धा व हिंगणघाट येथे चालतात. वरिष्ठ न्यायालय म्हणजे मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ होय. निर्धन व कोठडीतील आरोपींना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत विनामूल्य वकील मिळतो (पहा : विधी साहाय्य).

संविधानाच्या अनुच्छेद २१ मध्ये जलद न्यायाचा हक्क अंतर्भूत असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने हुसैनआरा खातून प्रकरणी (१९७९) मान्य केले. अनुच्छेद २२ आवडीच्या वकिलामार्फत बचावाचा हक्क देतो (पहा : मूलभूत हक्क). अनोखीलाल प्रकरणी (२०१९) घाईने चाललेल्या खटल्यातील फाशीची शिक्षा रद्द करून खटला नव्याने चालवण्याचा आदेश देण्यात आला. जन्मठेप वा फाशी संभवणाऱ्या खटल्यांत न्यायालयाने नेमलेल्या न्यायमित्र वकिलाला तयारीसाठी सामान्यतः किमान सात दिवस द्यावेत, असे त्या निर्णयात सांगितले आहे.